जपानचा सामुराई, युरोपचा नाइट आणि आपला वतनदार

जपानांतील सामुराई आणि मध्ययुगीन युरोपांतील नाइट यांची जोडी लावण्याची इतिहासकारांस व कादंबरीकारांस फार हौस आहे. दोघेही घोड्यावर बसणारे, दोघेही चिलखत घालणारे, दोघेही धन्यासाठीं प्राण देण्यास सिद्ध असणारे, आणि दोघांच्याही भोंवतीं शौर्याचें व शीलाचें तेजोवलय. पृथ्वीच्या दोन टोकांस, एकमेकांचें नांवही ठाऊक नसतां, असे दोन सारखे पुरुष कसे निर्माण झाले याचें कौतुक वाटणें साहजिक आहे. परंतु हें साम्य बरेंचसें पोषाखाचें आहे. पोषाख बाजूस सारून एक साधा, घरगुती प्रश्न विचारला म्हणजे हे दोघे एकमेकांपासून दूर सरकूं लागतात. तो प्रश्न असा कीं, या माणसाच्या घरीं भाकर कोठून येत होती, आणि ती बंद करण्याचा अधिकार कोणाच्या हातीं होता?

हाच प्रश्न महाराष्ट्रांत विचारला तर एक तिसरा पुरुष पुढें येतो. तो म्हणजे आपला वतनदार; मग तो मावळांतील देशमुख असो कीं पैनगंगेकांठचा नाईक असो. या तिसऱ्या पुरुषाच्या कथेचा अखेरचा भाग हिंगोलीच्या आसपास घडलेला आहे. म्हणून युरोप व जपान यांचा फेरफटका करून हा विचार शेवटीं हिंगोलीस आणणें सोयीचें होईल.

प्रथम नाइटचा विचार. शार्लमेनचें साम्राज्य मोडल्यावर नवव्या-दहाव्या शतकांत पश्चिम युरोपांत राजसत्ता दुबळी झाली. उत्तरेकडून समुद्रावरचे चांचे व पूर्वेकडून मग्यार स्वार येऊन मुलूख लुटूं लागले. त्यांस तोंड देण्यास चिलखती स्वार हवेत. पण घोडा, चिलखत आणि वर्षानुवर्षांची तालीम यांचा खर्च मोठा, आणि धन्यांजवळ रोकड थोडी. होती ती जमीन. म्हणून धन्यानें जमिनीचा तुकडा, त्यावर राबणाऱ्या कुळांसह, स्वाराच्या हवालीं केला आणि मोबदल्यांत चाकरी मागितली. या जमिनीस ‘फीफ’ म्हणत. ती देतांना एक विधि होत असे. स्वारानें निःशस्त्र होऊन गुडघे टेकावयाचे, आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत ठेवावयाचे आणि आपण यापुढें त्याचा माणूस झालों असें जाहीर करावयाचें.

हा विधि शरणागतीचा दिसतो. वस्तुतः तो कराराचा होता. चाकरीची मुदत पुष्कळ ठिकाणीं वर्षांतून चाळीस दिवसांची ठरलेली असे. धन्यानें सेवकाचें रक्षण केलें नाहीं अथवा त्यास न्याय दिला नाहीं, तर सेवकाची शपथ सुटूं शके. एकच नाइट दोन-तीन धन्यांच्या जमिनी धरी, आणि त्या धन्यांत युद्ध जुंपलें म्हणजे कोणाच्या बाजूनें उभें राहावयाचें असा पेंच पडे. तेव्हां त्यांतील एकास मुख्य धनी मानण्याची तोड निघाली. पुढें इंग्लंडांत बाराव्या शतकांत चाकरीऐवजीं रोख रक्कम भरण्याची पद्धतिही रूढ झाली. सारांश, नाइटची निष्ठा ही मोजून मापून दिलेली वस्तु होती. १२१५ सालीं जॉन राजाकडून ‘मॅग्ना कार्टा’ ही सनद घेण्यांत आली. आज तिच्याकडे लोकांच्या हक्कांचा पाया म्हणून पाहतात. परंतु मूळांत ती करार मोडणाऱ्या धन्यास त्याच्याच जमीनदार सेवकांनीं दिलेली ताकीद होती.

सामुराईचा आरंभ याहून फारसा निराळा नाहीं. बाराव्या शतकाच्या अखेरीस मिनामोतो योरितोमो यानें कामाकुरा येथें लष्करी सत्ता स्थापन केली व ११९२ सालीं त्यास ‘शोगुन’ ही पदवी मिळाली. आपल्या स्वारांच्या जमिनी त्यानें कायम केल्या, नव्या दिल्या, आणि त्यांची चाकरी मिळविली. ही व्यवस्था जमिनीवर उभी होती हें शंभर वर्षांच्या आंतच दिसून आलें. कुब्लाईखानाच्या मोंगल सैन्यानें १२७४ व १२८१ सालीं जपानवर दोन स्वाऱ्या केल्या. सामुराई प्राणपणानें लढले, वादळांनीं साह्य केलें, परचक्र टळलें. परंतु शत्रु समुद्रापलीकडून आलेला. त्याचा वीतभरही मुलूख हातीं लागला नाहीं, आणि विजयी स्वारांस वाटून देण्यास जमीन उरली नाहीं. कर्जबाजारी झालेले हे स्वार कुरकुर करूं लागले. १३३३ सालीं कामाकुराची सत्ता कोसळली, तिच्या कारणांत हें असंतोषाचें कारण मोठें होतें.

सामुराईस नाइटपासून खरोखर वेगळें करणारी घटना पुढें सोळाव्या शतकांत घडली. तोयोतोमी हिदेयोशी यानें १५८८ सालीं शेतकऱ्यांचीं शस्त्रें काढून घेतलीं, आणि १५९१ सालीं सामुराई व शेतकरी यांनीं एकमेकांचा धंदा करूं नये असा हुकूम काढला. १६०० सालीं सेकिगाहाराची लढाई होऊन १६०३ सालीं तोकुगावा इयेयासु शोगुन झाला, आणि त्याच्या वंशाच्या राज्यांत हा पालट पक्का झाला. बहुतेक सामुराई खेड्यांतील जमिनीवरून उठून किल्ल्याभोंवतीं वसलेल्या नगरांत राहावयास आले. त्यांस धन्याच्या कोठारांतून तांदळाच्या मापानें वेतन मिळूं लागलें. त्या मापास ‘कोकू’ म्हणत. एक कोकू म्हणजे सुमारें १८० लिटर, एका माणसास वर्षभर पुरेल इतका तांदूळ. सामुराईची प्रतिष्ठा त्याच्या कोकूंवरून ठरूं लागली. त्यांच्या धन्यांस, म्हणजे दाइम्योंसही, १६३५ च्या नियमानें आळीपाळीनें एदो येथें येऊन राहावें लागे, आणि त्यांचीं बायकामुलें एदो येथें एक प्रकारें ओलीस असत.

या व्यवस्थेंत निष्ठा एकेरी झाली. नाइटच्या पायांखालीं जमीन होती. म्हणून धन्याशीं तो भांडूं शकत होता. सामुराईच्या पायांखालीं कांहींच उरलें नव्हतें. धन्याचें कोठार बंद झालें कीं तो ‘रोनिन’, म्हणजे धनी नसलेला भटका, होत असे. सत्तेचाळीस रोनिनांची प्रसिद्ध कथा या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. १७०१ सालीं असानो नागानोरी या दाइम्योनें एदोच्या किल्ल्यांत एका दरबारी अधिकाऱ्यावर शस्त्र उगारलें. त्याच दिवशीं त्यास आत्महत्येची शिक्षा झाली व त्याचें संस्थान जप्त झालें. शेंकडों सेवकांची भाकर एका हुकुमानें तुटली. त्यांतील सत्तेचाळीस जणांनीं जवळजवळ दोन वर्षें वाट पाहून धन्याचा सूड घेतला, आणि १७०३ सालीं त्यांपैकीं सेहेचाळीस जणांस पोट फाडून मरण्याची आज्ञा झाली. धन्याकडून यापुढें एक दाणाही मिळण्याची आशा नसतां त्यांनीं हें केलें. म्हणून जपान त्यांस विसरला नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. सामुराईच्या आचारधर्माचा सर्वांत गाजलेला ग्रंथ ‘हागाकुरे’ हा अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील, म्हणजे देशांत शंभर वर्षें शांतता नांदल्यानंतरचा आहे. ‘बुशिदो’ हें नांव जगभर पसरविणारें नितोबे इनाझो यांचें इंग्रजी पुस्तक तर १९०० सालचें, म्हणजे सामुराईवर्ग नाहींसा झाल्यानंतरचें आहे. नाइटचीही गोष्ट अशीच. वॉल्टर स्कॉट यांची ‘आयव्हनहो’ ही कादंबरी १८१९ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाली, आणि तोंवर चिलखती नाइट रणांगणावरून जाऊन शतकें लोटलीं होतीं. तलवार म्यानांत कायमची गेल्यावर तिचें स्तोत्र लिहिलें जातें, असा हा सार्वत्रिक नियम दिसतो.

आतां महाराष्ट्राकडे वळावें. आपल्याकडील वतन हें फीफही नव्हे आणि तांदळाचें वेतनही नव्हे. परगण्याच्या देशमुखास वसुलांत हिस्सा असे, इनाम जमीन असे, मानपान असत. आणि हे हक्क वंशपरंपरेचे असत. राजा सनद देई हें खरें. परंतु राजे बदलले तरी वतन सहसा बदलत नसे. बहामनी गेले, निजामशाही बुडाली, आदिलशाही आली, मोगल आले. देशमुखाचा वाडा होता तेथेंच राहिला. त्याची मुळें धन्याच्या दरबारांत नसून गांवच्या मातींत होतीं. दुसरा भेद वांटणीचा. युरोपांत पुष्कळ ठिकाणीं फीफ वडील मुलाकडे जाई. आपल्याकडे वतन भावाभावांत वांटलें जाई. म्हणून नाइटची धाकटी भावंडें दूरदेशीं नशीब काढावयास जात, आणि देशमुखाचीं भावंडें घरींच राहून एकमेकांशीं झगडत. भाऊबंदकी या शब्दांत आपल्या इतिहासाचीं किती पानें सामावलीं आहेत हें सांगावयास नको.

वतन मातींत रुजलेलें असल्यामुळें वतनदाराची कसोटीही वेगळी असे. १६५९ सालीं अफझलखान स्वराज्यावर चालून आला तेव्हां आदिलशाहाचीं फर्मानें मावळांतील देशमुखांकडे गेलीं. रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे आपल्या पांच पुत्रांसह शिवाजी महाराजांकडे आले. बादशाहाच्या विरुद्ध गेल्यास वतन जाईल हें उघड होतें. जेध्यांनीं वतनावर पाणी सोडलें आणि ते महाराजांच्या बाजूनें उभे राहिले. त्याच वेळीं खंडोजी खोपडे हा देशमुख वतनाच्या लोभानें खानास मिळाला व पुढें त्याबद्दल त्यास हातपाय तोडण्याची शिक्षा भोगावी लागली. एकाच खोऱ्यांतील ह्या दोन माणसांत शौर्याचा फरक होता असें नव्हे. फरक इतकाच कीं, एकानें घरची भाकर पणास लावली आणि दुसऱ्यानें ती वाढविण्याचा बेत केला.

शिवाजी महाराजांनीं ही कसोटी प्रत्येक वेळीं माणसाच्या मनावर सोंपवून न ठेवतां व्यवस्थेनेंच सोडविण्याचा यत्न केला. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत याचें वर्णन आहे. वतनदारांनीं रयतेकडून वाटेल तें घ्यावें ही चाल बंद करून त्यांचे हक्क ठरवून दिले, त्यांचे बुरुजबंद वाडे पाडले, आणि लष्करास मुलूख तोडून देण्याऐवजीं सरकारांतून वेतन देण्याचें धोरण ठेविलें. नीट पाहिलें तर हें धोरण युरोपच्या पद्धतीपेक्षां तोकुगावांच्या पद्धतीस अधिक जवळचें होतें. शिपायाची भाकर जमिनीवरून उचलून सरकारी कोठारांत ठेवावयाची, हाच दोहोंचा विचार. परंतु तोकुगावांस अडीचशें वर्षांची शांतता लाभली. महाराजांस १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अवघीं सहा वर्षें मिळालीं.

१६८९ सालीं संभाजी महाराजांचा वध झाला, राजाराम महाराज जिंजीस गेले, खजिना रिता झाला. एकीकडून औरंगजेब मराठे सरदारांस जहागिरी देऊं लागला. त्यांस आपल्या बाजूस राखण्यासाठीं मराठी राज्यासही वतनें व इनामें यांचीं आश्वासनें द्यावीं लागलीं. राज्य त्यामुळेंच वांचलें, आणि त्यामुळेंच त्याचें रूप पालटलें. वतनदार हे राज्याचे वांटेकरी होऊं पाहतात, त्यांस अंकुशांत ठेवलें पाहिजे, असा इशारा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत अठराव्या शतकाच्या आरंभीं दिलेला आहे. पुढें १७१९ सालीं चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या आणि सरंजामाची पद्धति दूरवर पसरली. सरंजाम हा फौज बाळगण्यासाठीं दिलेला मुलूख. तत्त्वतः तो सरकारास परत घेतां येई, व्यवहारांत तो मुलाकडे व नातवाकडे जाऊं लागला. शिंदे, होळकर, गायकवाड यांचीं संस्थानें त्यांतून उभीं राहिलीं. येथें महाराष्ट्र जपानच्या वाटेवरून युरोपच्या वाटेस लागला असें म्हणावयास हरकत नाहीं.

इकडे गोदावरी व पैनगंगा यांच्यामधला मुलूख १७२४ नंतर निजामाच्या सत्तेखालीं स्थिरावला. आजचा हिंगोली जिल्हा त्याच भागांत येतो. १९९९ सालीं परभणी जिल्ह्यांतून तो वेगळा झाला. या डोंगराळ पट्ट्यांत हटकर नाइकांचीं जुनीं घराणीं गढ्या धरून होतीं. अकबराच्या काळीं अबुल फजलनें ‘आइने अकबरी’त वाशीम भागाचें वर्णन करतांना हटकरांचा उल्लेख केला आहे, ते मानी व सहजीं न नमणारे असून त्यांचे एक हजार स्वार व पांच हजार प्यादे आहेत, असें तो नोंदवितो. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज अधिकाऱ्यांनीं त्यांची एक चाल लिहून ठेवली. लढाईंत किंवा शिकारींत जो पडेल त्यास अग्नि द्यावयाचा, आणि जो घरीं मरेल त्यास मांडी घातलेल्या स्थितींत पुरावयाचें. मृत्यूची अशी प्रतवारी करणारा समाज सामुराईस परका वाटला नसता.

या नाइकांत नोवसाजी नाईक हे फार प्रबळ झाले. हिंगोलीच्या पूर्वेस, आजच्या नांदेड जिल्ह्यांतील हदगांव भागांत, नाव्हा येथें त्यांचा किल्ला होता. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि निजामाच्या राज्यांतील अशा स्वतंत्र सत्ता मोडण्याचें काम हैदराबादच्या फौजेनें हातीं घेतलें. १८१९ च्या जानेवारींत मेजर पिटमन यानें नाव्ह्यास वेढा घातला. तोफांनीं तट फोडला, आणि ३१ जानेवारीस किल्ला सर झाला. आंतील अरब शिपायांनीं निकरानें झुंज दिली व त्यांतील बहुतेक तेथेंच पडले. नोवसाजी नाईक पकडले गेले, त्यांस हैदराबादेस नेण्यांत आलें, आणि तेथेंच त्यांचा अंत झाला. स्कॉटच्या कादंबरींतील नाइट विलायतेंतील वाचकांच्या घरोघर शिरला, तो याच वर्षाच्या अखेरीस.

नाव्ह्याच्या लढाईचा अर्थ दोन्ही बाजूंचे शिपाई पाहिले म्हणजे कळतो. तट फोडणारी फौज वतनदारांची नव्हती. हैदराबादचे रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या पुढाकारानें उभारलेल्या, इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं कवाईत शिकलेल्या आणि दरमहा रोख पगार घेणाऱ्या पलटणी तींत होत्या. आणि तटाच्या आंत नाइकांसाठीं लढणारे अरबही भाडोत्रीच होते. ज्या नाईकपणाचा आधार गांवची माती आणि भाऊबंदांची तलवार हा होता, त्याच्या शेवटच्या झुंजींतही पगारी शिपाई पुढें आला होता. जुनें युग बाहेरून फुटण्यापूर्वीं आंतून पालटलें होतें. त्या पलटणींस नाव्ह्याचा रणसन्मान मिळाला, आणि त्यांची परंपरा १९४५ पासून कुमाऊं रेजिमेंट या नांवानें ओळखली जाते.

याच फौजेची एक मोठी छावणी हिंगोलीस होती. हैदराबाद कंटिंजंट म्हणून ती प्रसिद्ध झाली, आणि १९०३ सालीं ती हिंदी सैन्यांत विलीन होईपर्यंत हिंगोली हें लष्करी ठाणें राहिलें. येथें इतिहासानें एक मजेचा धडा दिला आहे. ही फौज रोख पगाराची; पण पगार द्यावयाचा निजामानें, आणि निजामाचा खजिना अपुरा. थकबाकी वाढत गेली. अखेर १८५३ च्या तहानें या फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत देण्यांत आला. म्हणजे पैनगंगेच्या उत्तरेकडील रयतेच्या वसुलावर दक्षिणेकडील हिंगोलीच्या छावणीचा पगार निघूं लागला. फौजेसाठीं मुलूख तोडून देणें याचेंच जुनें नांव सरंजाम. नोवसाजी नाइकांची गढी मोडणाऱ्या कंपनी सरकारनें चौतीस वर्षांनीं स्वतःच अवघ्या वऱ्हाडाचा सरंजाम घेतला, इतकाच याचा अर्थ.

या तिन्ही पुरुषांचा शेवट कसा झाला हें पाहिल्यावर विषय पुरा होईल. इंग्लंडांतील नाइट हळूहळू जमीनदार व पार्लमेंटांतील प्रतिनिधि झाला. त्याचा करार राज्यकारभारांत जिरून गेला. जपानांत १८६८ च्या क्रांतीनंतर १८७१ सालीं संस्थानें खालसा झालीं, १८७३ सालीं सर्व वर्गांतील तरुणांस सक्तीची लष्करी नोकरी लागू झाली, आणि १८७६ सालीं सामुराईंचीं वेतनें बंद करून त्यांच्या हातीं सरकारी रोखे देण्यांत आले. त्याच वर्षीं तलवार बाळगण्यासही बंदी झाली. १८७७ सालीं साइगो ताकामोरी याच्या नेतृत्वाखालीं सात्सुमाचे सामुराई उठले, आणि शेतकऱ्यांच्या मुलांनीं भरलेल्या नव्या सैन्यानें त्यांचा मोड केला. आपल्याकडे हैदराबाद राज्यांत दिवाण सालारजंग यांनीं १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून वसुलाचें काम सरकारी अंमलदारांकडे दिलें, आणि देशमुख-देशपांड्यांस त्याबद्दल ‘रुसूम’ म्हणून रोख नेमणूक बांधून दिली. जपानी रोखा आणि मराठवाड्यांतील रुसूम हे एकाच काळांतील सख्खे भाऊ होत. जहागिरी मात्र पुढें टिकून राहिल्या. त्या हैदराबाद हिंदी संघराज्यांत आल्यानंतर १९४९ च्या ऑगस्टमध्यें बंद झाल्या.

नाइटनें जमीन घेऊन करार पाळला, सामुराईनें तांदूळ घेऊन आज्ञा पाळली, वतनदारानें माती धरून धनी बदलले. तिघांच्याही बहुतेक निष्ठेचा हिशेब त्यांच्या भाकरींत सांपडतो, आणि तो मांडण्यांत त्यांचा अपमान नाहीं. पोट कोणास चुकलें आहे? परंतु तिन्ही ठिकाणीं अशीं कांहीं माणसें निघालीं कीं ज्यांचा हिशेब या वहींत बसत नाहीं. कोठार बंद झाल्यावरही धन्यास न विसरणारे ते रोनिन, आणि वतनावर पाणी सोडणारे कान्होजी जेधे, हीं तीं माणसें होत. शौर्याची परीक्षा रणांत होते. निष्ठेची परीक्षा त्याच्या अगोदर, घरीं, चुलीसमोर बसून निर्णय करावा लागतो तेव्हां होते.

आणि या सर्वांच्या पाठीशीं एक चौथा पुरुष उभा आहे, त्याचें नांव कोणत्याही वीरकथेंत येत नाहीं. नाइटच्या फीफावर राबणारें कूळ, सामुराईचा तांदूळ पिकविणारा शेतकरी आणि नाइकाच्या गढीस ज्वारी घालणारी पैनगंगेकांठची रयत, हीं सारीं त्याचींच रूपें. तलवारी कोणाच्याही असोत, त्यांची भाकर त्याच्याच शेतांतून आली. सामुराई व नाइट यांची तुलना करतांना हा चौथा पुरुष दृष्टीआड झाला नाहीं, तरच ती तुलना पुरी झाली असें म्हणतां येईल.